अमेरिकेने मोडीत काढलेली अमेरिका
(जपानची दैनंदिनी : भाग ४)

सोमवार

उद्या डिस्नेलँडला जायचे ठरले आणि जेवताना वादाला तोंड फुटले. "काकू, तुम्ही कॅलिफोर्नियात अनाहाइमचं मूळ पाहिलंत, फ्लोरिडात ऑरलँडोचंही पाहिलंत. आता ही तिसरी कॉपी बघायला भर पावसात कशाला?" हा माझा यजमान निखिल याचा सवाल. त्याची बायको मृण्मयी विरुद्ध पक्षात. ती म्हणे ऑफिसातून सुटी काढून एकटीही जाते. इथे तसे बरेच जण जातात आणि त्याचे कुणाला नवल वाटत नाही.

ही दोघे राहतात ते निशी-कासाई म्हणजे तोक्योतली भारतीयांची वस्ती. महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक २०१९मध्ये नगरसेवक म्हणून निवडून आले ते निशी-कासाई ज्यात येते त्या एदोगावा वॉर्डातून. डिस्नेलँड इथून नदीपलीकडे. नाव तोक्यो डिस्नेलँड असले तरी ते तोक्योत नाही, शेजारच्या चिबा प्रांतातल्या उरायासू गावात आहे. हे एके काळी कोळ्यांचे गाव. तोक्यो उपसागरात भराव घालून जमीन काढायची, म्हणून केइसेई ही रेल्वे कंपनी आणि मित्सुई फुदोसान यांनी १९६०मध्ये 'ओरिएंटल लँड' नावाची कंपनी काढली. पार्क आजही तिच्याच मालकीचे आहे, डिस्नेच्या नाही. १९७९च्या करारात डिस्नेने स्वतःचे पैसे गुंतवायचे टाळले आणि तिकिटांच्या उत्पन्नातले दहा टक्के, खाण्यापिण्यातले आणि विक्रीतले पाच टक्के तेवढे मागून घेतले. १५ एप्रिल १९८३ला फाटक उघडले आणि गर्दी बघून अमेरिकेत हळहळ झाली असणार, कारण पुढे १९९२मध्ये पॅरिसला पार्क निघाले तेव्हा डिस्नेने ४९ टक्के हिस्सा घेतला. तेच पार्क सुरुवातीला तोट्यात गेले! व्यवहारात असे व्हायचेच.

तिकीट तारीख ठरवून आधी काढावे लागते. प्रौढाला ७,९०० ते १०,९०० येन, जशी गर्दी तसा दर. सर्वांत महाग दिवसाचे म्हणजे आपले सहा हजार रुपये आणि वर थोडे. अनाहाइमला गर्दीच्या दिवशी एका माणसाला दोनशे डॉलरच्या वर जातात, म्हणजे सतरा-अठरा हजार. हा आकडा ऐकल्यावर निखिलने वाद आवरता घेतला.

मंगळवार

पाऊस होताच. आत शिरल्या शिरल्या पहिला फरक डोक्यावर दिसला. अनाहाइम काय, ऑरलँडो काय, फाटकातून आत आले की उघड्यावरची 'मेन स्ट्रीट' लागते, वॉल्ट डिस्नेच्या लहानपणच्या अमेरिकन गावासारखी. इथे त्या जागी वर्ल्ड बझार आहे आणि त्याला आख्खे काचेचे छप्पर. बांधणाऱ्यांनी जपानी पावसाचा हिशेब आधीच केला. फायदा असा की आम्ही भिजलो नाही, तोटा असा की पहिल्या पावलाला आपण गावात नव्हे, मॉलमध्ये आल्यासारखे वाटते. अनाहाइमची मेन स्ट्रीट ठेंगणी आहे आणि टोकाचा किल्लाही जेमतेम २३ मीटरचा, पण तिथे आभाळ आपले असते. हा एक गुण मी कॅलिफोर्नियाला देऊन टाकते.

किल्ला मात्र फ्लोरिडाच्या घराण्यातला, सिंड्रेलाचा, ५१ मीटर उंच. जपान्यांनीच हट्ट धरला होता की आम्हाला जपानी वळणाचे काही नको, अस्सल अमेरिकन हवे. म्हणून पाट्या इंग्रजीत, आणि वेस्टर्नलँडमध्ये गुराख्यांचे लाकडी गाव. आगगाडीही आहे, पण तिला स्थानक एकच. अनाहाइमची गाडी पार्कभोवती फिरते, वाटेत थांबते, माणसे चढतात-उतरतात. इथली ज्या फलाटावरून निघते त्याच फलाटावर परत येते. सांगतात ते असे, की दुसरे स्थानक केले असते तर ती कायद्याने खरी रेल्वे ठरली असती आणि वेळापत्रकापासून सगळे नियम लागू झाले असते. जपानमध्ये हे पटण्यासारखे आहे!

पार्कातल्या नदीवर मार्क ट्वेन नावाची आगबोट चालू आहे आणि मधल्या टॉम सॉयर बेटावर पोरे धुडगूस घालताहेत. फ्लोरिडात ही नदी, आगबोट आणि बेट जुलै २०२५मध्ये बंद झाले. तिथे 'कार्स' सिनेमाचा विभाग होतो आहे. गाणाऱ्या अस्वलांचा खेळ अनाहाइमने २००१मध्ये बंद केला, ऑरलँडोने २०२४मध्ये गाणी बदलली. इथली अस्वले अजून जुनी गाणी गातात. अमेरिकेने मोडीत काढलेली अमेरिका बघायची तर आता उरायासूला यायचे. ज्यांची ती कधीच नव्हती त्यांनी ती जपून ठेवली आहे, आणि मला वाटते जपता आली ती त्याचमुळे. अमेरिकन माणसाला आपला भूतकाळ टोचतो, बदलावासा वाटतो. जपान्याला ती नुसती सुंदर, परकी वस्तू आहे.

स्प्लॅश माउंटनचे तसेच. १९४६च्या ज्या सिनेमावर ती राईड बेतली, त्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर अमेरिकेत कायम टीका होत आली. दोन्ही अमेरिकन पार्कांनी २०२३मध्ये ती बंद केली आणि पुढच्या वर्षी त्या जागी राजकन्या टियानाची राईड आणली. इथे जुनीच चालू आहे, मुली डोक्याला ससे-अस्वलांचे कान लावून रांगेत उभ्या. मला विचाराल तर अमेरिकेने केले ते बरोबर केले. पण या मुलींना तो सिनेमा ठाऊक नाही आणि त्यांच्या आजोबांवर त्यातला कुठलाही अन्याय झालेला नाही, हेही खरे. मी बसले, शेवटच्या उतारावर ओरडले आणि भिजले.

आता पूबद्दल सविस्तर, कारण निखिलचे तोंड तिथे बंद झाले. विनी द पूची राईड दोन्ही अमेरिकन पार्कांत आहे. गाड्या रुळांवरून जातात आणि रंगवलेल्या फळ्या मागे पडतात. छोट्या मुलांपुरती ठीक. इथल्या 'हनी हंट'ला, ४ सप्टेंबर २०००ला सुरू झालेल्या, रूळच नाहीत. पुस्तकाच्या माणसाहून उंच पानांमधून रांग पुढे सरकते. मग मधाचे मडके येते, त्यात आपण बसतो. तीन मडकी एकदम निघतात आणि आत गेल्यावर एकमेकांचा नाद सोडतात. एक डावीकडे वळते, एक जागच्या जागी गिरकी घेते, आमचे उलटे मागे सरकले. मी जमिनीकडे वाकून पाहिले, पट्टा नाही, खाच नाही, साधी फरशी. टिगर उड्या मारतो त्या खोलीत मडकेही खालीवर हिंदकळते. पूच्या स्वप्नात सगळी मडकी एका मोठ्या दालनात एकमेकांभोवती नाचतात, अगदी टेकता टेकता वाचतात. दुसऱ्या मडक्यातल्या आजीबाई आणि मी तीनदा समोरासमोर आलो. तिसऱ्यांदा आम्ही दोघींनी वाकून नमस्कार केला. शेवटी मधाचा वास. डिस्नेच्याच माणसांनी हे घडवले, पण पैसे मोजले ओरिएंटल लँडने. तिच्या हातात दुसरा धंदा असा नाही, कमावलेले पुन्हा इथेच ओतायचे. अमेरिकेत तोच पैसा सिनेमे, वाहिन्या, जहाजे असा सगळीकडे वाटला जातो. रूळ आणि बिनरुळाचा फरक माझ्या मते तिथून सुरू होतो.

दुपारी मिरवणूक. पाऊस थांबलेला. तासभर आधीपासून माणसे पंगतीसारखी ओळीने बसलेली. पुढच्यांनी बसायचेच, मागच्यांनी उभे राहायचे, आणि ही ओळ कुणी मोडत नाही. प्रत्येकाची प्लॅस्टिकची चटई आपल्या मापाची. ऑरलँडोला माझ्यासमोर ऐन वेळी एका बापाने पोर खांद्यावर घेतले होते आणि मी पुढची सगळी मिरवणूक त्या पोराच्या चड्डीआडून पाहिली होती. इथे सफाईवाला मुलगा बसलेल्या पोरांसमोर थांबला, झाडू पाण्यात बुडवून रस्त्यावर चार फटकाऱ्यांत मिकी काढला, टाळ्या घेतल्या आणि पुढे गेला.

रात्री पुन्हा पाऊस, म्हणून दिव्यांची मोठी मिरवणूक रद्द आणि त्याऐवजी 'नाइटफॉल ग्लो' ही छोटी, पावसाळी. म्हणजे पावसासाठी वेगळी मिरवणूक तयार ठेवलेली आहे.

बुधवार

डिस्नेसी, म्हणजे इथले दुसरे पार्क. याचे अमेरिकेत भावंडच नाही, तेव्हा तुलना कशाशी करणार? तरी गंमत अशी की त्याचे बी अमेरिकेतलेच. १९९०च्या सुमाराला कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या बंदरावर समुद्रावर बेतलेले पार्क करायचा बेत डिस्नेने जाहीर केला होता, नाव डिस्नेसीच. १९९१च्या अखेरीस तो गुंडाळला. दहा वर्षांनी, ४ सप्टेंबर २००१ला, त्याच नावाचे पार्क जपानच्या भरावावर उभे राहिले, सुमारे ३३५ अब्ज येन खर्चून.

आत गेल्यावर हा पैसा दिसतो. समोर इटालियन बंदर, गोंडोला, मागे प्रोमेथिअस नावाचा ज्वालामुखी, अधूनमधून गडगडणारा. त्याच्या पोटात ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरची पृथ्वीच्या गाभ्याची सफर. मी हात लावून पाहिले, खडकाच्या कडांना वितळून गोठल्यासारखी साय होती. 'अमेरिकन वॉटरफ्रंट' हा विभाग म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे न्यूयॉर्क बंदर, धक्क्याला एस. एस. कोलंबिया लागलेली. असे न्यूयॉर्क अमेरिकेतल्या एकाही डिस्ने पार्कात नाही. 'टॉवर ऑफ टेरर'ही इथे वेगळा. अमेरिकेतला 'ट्वायलाइट झोन' या टीव्ही मालिकेवर बेतलेला. ती इथे कोण ओळखणार? म्हणून नवी गोष्ट रचली: हॅरिसन हायटॉवर नावाचा लुटारू धनिक जगभरातून मूर्ती पळवून आणतो आणि एक मूर्ती त्याला गिळते. देवळांतून मूर्ती पळवणाऱ्या गोऱ्याचा हा शेवट मला तर फार आवडला.

डफीची हकिकत मृण्मयीने ऐकवली. हे अस्वल २००२मध्ये फ्लोरिडात 'डिस्ने बेअर' म्हणून विकायला आले, कुणी ढुंकून पाहिले नाही. २००५मध्ये डिस्नेसीतल्या 'केप कॉड' या भागात त्याला डफी हे नाव, खलाशाचा पोशाख आणि एक गोष्ट मिळाली. आज दर दुसऱ्या खांद्यावर डफी. त्याला मैत्रीण शेलीमे, मग मांजर, ससा असा गोतावळा वाढला. मोठी, नोकरी करणारी माणसे आपापल्या अस्वलाला ऋतूप्रमाणे कपडे शिवतात, बाकावर बसवून फोटो काढतात. मला सुरुवातीला हसू आले. मग एका साठीच्या गृहस्थांनी पावसाचा थेंब पडताच आधी अस्वलाला प्लॅस्टिकची टोपी घातली आणि नंतर स्वतःची छत्री उघडली, तेव्हा हसू बंद केले.

जेवायला 'अरेबियन कोस्ट' या विभागातले कसबाह फूड कोर्ट. नान आणि करी! नान बरा, करी गोडसर, जपानी जिभेची. मृण्मयी शाकाहारी, तिला दिवसभर काही ना काही सोडूनच द्यावे लागले. इथे अमेरिका सरळ जिंकते. ऑरलँडोच्या ॲनिमल किंगडम लॉजमधल्या 'सना'मध्ये नान, कुलचा आणि चटण्यांचे ताट समोर आले होते तेव्हा माझ्या लेकीने हॉटेलचा हिशेबच विसरायचा ठरवला होता. इथे करीच्या चवीचे पॉपकॉर्न मिळते, ते आम्ही सूड म्हणून घेतले. त्याचा डबा शंभर वर्षे टिकेल असा.

फँटसी स्प्रिंग्स हा जून २०२४मध्ये उघडलेला भाग गाड्या लावायच्या जागेवर बांधला आहे. फ्लोरिडाला जागेची असली अडचण नाही. अनाहाइमच्या भिंतीला चिकटून मोटेल उभी राहिली ती वॉल्ट डिस्नेला खुपली, म्हणून त्याने साठच्या दशकात बनावट कंपन्यांच्या नावांनी ऑरलँडोजवळ २७,००० एकरांवर जमीन गुपचूप घेतली. तिथे एका पार्कातून दुसऱ्यात जायला बहुधा वाहन लागते, इथे मोनोरेलला मिकीच्या आकाराच्या खिडक्या असतात आणि तिचे वेगळे पैसे पडतात.

गुरुवार

पहाटे जमीन हलली, अगदी किंचित. पंखा डुलला एवढेच. न्याहारीला निखिल ११ मार्च २०११च्या मोठ्या भूकंपाचे सांगत होता. त्या दुपारी दोन्ही पार्कांत मिळून सुमारे सत्तर हजार माणसे होती. उरायासूच्या भरावात ठिकठिकाणी चिखल उसळला, पण पार्काखालची वाळू बांधतानाच दाबून घट्ट केलेली होती, त्यामुळे पार्काची जमीन टिकली. दुकानांतल्या मुलींनी डोक्यावर धरायला गिऱ्हाइकांना कापसाची खेळणी वाटली, भूक लागल्यावर विक्रीतले खाऊचे डबे. रात्र तिथेच काढलेली माणसे पुढे हे सांगत राहिली.

जेवण सोडले तर पार्कांबद्दल माझी तक्रार एकच. चांगल्या राईड लवकर हव्यात तर माणशी दीड-दोन हजार येन वेगळे मोजून पुढच्या रांगेत जायचे. हा नाद अमेरिकेतूनच आला. १९९९मध्ये फ्लोरिडात हाच पास फुकट निघाला होता. आता तिथेही आणि इथेही सकाळपासून माणसे किल्ल्याकडे नव्हे, मोबाइलकडे बघत चालतात. निखिलने काल सकाळी गेटवरच तीन राईडचे पैसे भरून टाकले होते, माझ्याशी वाद घालणारा हाच तो! ऑक्टोबरात पुन्हा जायचे, हॅलोविनला, असे तो आता म्हणतो आहे. मृण्मयी म्हणाली, तू घरी राहा, मी एकटी जाते.

दुपारची शिंकान्सेन, क्योतो.