सातबारा, एआय आणि १२८ रुपये

थोडी मोठी पोस्ट आहे. पण कर्जत-खालापुरात ज्याच्या नावावर दोन गुंठे जरी असतील त्याने शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

माझं कर्जतला छोटं ऑफिस आहे. जमिनीचे कागद तपासून द्यायचे, हे काम. दीड वर्षापूर्वी भाचा इंजिनिअरिंग करून आला आणि म्हणाला, मामा, आपण हे एआय वापरून करू. तो याला स्टार्टअप म्हणतो, मी दुकान म्हणतो. असो.

फरक पडला का? पडला. आधी एका जमिनीचे जुने फेरफार वाचून, कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी लावायला मला दोन दिवस लागायचे. आता कागदांचे फोटो टाकले की टूल तासाभरात तारीखवार तक्ता काढून देतं. मग मी मूळ कागद समोर ठेवून एकेक ओळ ताडून बघतो. अर्ध्या दिवसात काम होतं. पत्रं, नोटिशीची उत्तरं, बँकेला द्यायचा प्रोजेक्ट रिपोर्ट, सगळ्याचा कच्चा मसुदा तयार मिळतो. आम्ही दोघं मिळून आता चार माणसांचं काम करतो.

हे ऐकून लोक मला काय विचारतात माहितीये? "मग एआयला विचारून सांग ना, पैसे कशात लावू?" खोपोलीची दोन पोरं तर मोबाईलवर एआयला विचारून ऑप्शन खेळतात. त्यांना मी सेबीचा २०२४ चा अहवाल दाखवला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या आपल्यासारख्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. आणि २०२३-२४ मध्ये कमावलं कोणी? खर्च धरायच्या आधी प्रोप्रायटरी ट्रेडर्सनी ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी २८ हजार कोटी. त्या नफ्यातला ९६-९७ टक्के हिस्सा अल्गोचा, म्हणजे यंत्राने केलेल्या सौद्यांचा.

यातून मी एवढंच शिकलो की यंत्र एका बाजूच्या हातात असेल तर दुसरी बाजू हरते. आणि शेअर बाजार राहू द्या, आपल्याकडे हे जमिनीत चालू आहे.

पनवेल-कर्जत रेल्वेमार्गाचं काम सुरू झालं, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला, मग नवी मुंबई विमानतळ आलं. चौक, मोहोपे, कडाव, कशेळे, जिथे जाल तिथे गाडी लावून कोणीतरी बांध बघत उभा असतो. घेणाऱ्याकडे वकील आहे, नकाशे आहेत, शंभर सातबारे एका दिवसात चाळणारं एआय आहे. विकणाऱ्याकडे काय आहे? प्लास्टिकच्या पिशवीत घडी पडलेला उतारा, आणि एजंट सांगेल ती माहिती.

एक उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही. खालापूर तालुक्यातल्या एक काकू आल्या. साधारण एकरभर जमीन. सासरे कुळ होते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळांच्या जमिनी मालकीच्या झाल्या, त्यातली ही. सातबाऱ्यावर इतर हक्कात कलम ४३ चा शेरा. एजंट म्हणाला होता, "कलेक्टरची परवानगी लागते, लफडं मोठं आहे. आम्ही सगळं बघू, पण भाव निम्मा."

काकू म्हणाल्या, "दादा, पोराला हे पटत नाय. तू एकदा वाचून सांग."

भाच्याने कागद टूलमध्ये टाकले. अर्ध्या तासात सुंदर मराठीत रिपोर्ट तयार. त्यात लिहिलेलं, जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ही जमीन विकता येणार नाही. वर कलमाचा नंबर बरोबर. म्हणजे एजंट बोलला तेच, फक्त छापून.

मी ते वाचून थांबलो. कारण कुळकायद्याच्या या कलमात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आहे. कुळाने जमीन खरेदी करून १० वर्षं उलटली असतील तर पूर्वपरवानगी लागत नाही. विकण्याआधी आकारणीच्या ४० पट नजराणा सरकारजमा करायचा. घेणारा शेतकरी हवा, त्याची जमीन सीलिंगच्या आत हवी, तुकडेबंदी मोडता कामा नये. काकूंच्या सासऱ्यांना ३२-म चं प्रमाणपत्र मिळून पन्नासहून जास्त वर्षं झालेली. आकारणी ३ रुपये २० पैसे. ४० पट म्हणजे १२८ रुपये.

१२८ रुपयांसाठी निम्मा भाव.

मग टूलला २०१४ च्या दुरुस्तीबद्दल विचारलं, तर लगेच "आपलं बरोबर आहे" म्हणून सगळा रिपोर्ट उलटा फिरवून दिला. त्याच रिपोर्टमध्ये ०.४०.५० हे क्षेत्र, म्हणजे ४० आर ५० चौरस मीटर, त्याने ४.०५ हेक्टर धरलं होतं. एकराचे दहा एकर!

त्या दिवशी मी घाईत असतो तर तो रिपोर्ट आमच्या शिक्क्यानिशी काकूंच्या हातात गेला असता. एजंटचं बोलणं खरं ठरवणारा कागद आम्हीच दिला असता. भाचा दोन दिवस गप्प होता. आता आमच्या दुकानात एक नियम आहे : टूलने सांगितलेलं प्रत्येक कलम आणि प्रत्येक आकडा माणसाने मूळ कागदावर बोट ठेवून तपासायचा. वाचलेला वेळ त्यातच घालायचा.

म्हणून एआय वापरू नका असं मी म्हणत नाही. उलट वापरा, कारण समोरचा वापरतोच आहे. फक्त तीन गोष्टी सांभाळा.

एक, "ही जमीन चांगली आहे का" असं विचारू नका. "या कागदात कोणकोणते शेरे आहेत, प्रत्येकाचा अर्थ काय, तो कायदा शेवटचा कधी बदलला" असं विचारा. आणि उत्तर जाणकाराला दाखवा.

दोन, आधार, पॅन, बँकेचे कागद कुठल्याही टूलमध्ये टाकू नका.

तीन, आपल्या गावाचे चालू फेरफार "आपली चावडी" वर बघत जा. हरकतीला १५ दिवस असतात. आपल्या गटावर कोणाचं नाव चढतंय हे नंतर कळून उपयोग नाही. आदिवासी वाड्यांवर तर हे कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवं.

आता सरकारसाठी. जून २०२५ मध्ये राज्याने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटींचं. पिकासाठी, रोगासाठी एआय येणार, चांगलंच आहे. पण आमच्याकडे शेतकरी कर्जत-३ भाताच्या एका हंगामात जेवढं गमावतो त्याच्या कितीतरी पट एका सहीत गमावतो. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत आठवड्यातून एक दिवस सातबारा वाचून सांगणारा प्रशिक्षित माणूस बसवा. त्याच्या हातात एआय द्या, पण जबाबदारी माणसाची ठेवा. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. तुमच्या गावात तुम्ही मांडा.

काकूंचा व्यवहार अजून झालेला नाही. एजंटचा फोन आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "४३ चं काय ते आम्हाला कळलं. भाव काय तो परत बोल."

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका.