चौकटीबाहेरच्या चार गाड्या

शाळेत आलेख काढताना पेन्सिल टेकवण्याआधी ग्राफपेपरच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहावं लागे: य-अक्षावर १ सेंमी = १० एकक. त्यासाठी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठा आकडा शोधायचा, कागद पुरतो का ते बघायचं. आकडे शून्यापासून फार लांब असले तर आरंभबिंदूजवळ ती नागमोडी खूण काढायची, अक्षसंकोचाची. आता ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत एक ओळ लिहून एंटर दाबलं की सीमा परस्पर ठरतात. नागमोडी खूण मात्र त्यात नसते.

*

सीमा ० ते १०० दिल्या तरी ‘आर’ दोन्ही टोकांना चार-चार टक्के जागा जास्त घेतं, म्हणजे उणे ४ ते १०४. टोकाचे ठिपके चौकटीला घासू नयेत म्हणून. ‘आर’मधल्याच ‘जीजीप्लॉट२’ या आलेखांच्या पॅकेजमध्ये ही सूट पाच टक्के. शिंपी शिवणीत माया सोडतो तशी. बंद करता येते, पण सहसा करू नये.

*

दोन रेषा एकाच आलेखात हव्या होत्या. पहिली ‘प्लॉट’ने काढली, दुसरी ‘लाइन्स’ने वर चढवली, तर दुसरी अर्ध्यातून छताबाहेर. पहिलीच्या मापाने घर बांधलं, दुसरीला कोण विचारतो! दोन्ही मालिकांची ‘रेंज’ एकत्र काढून ती आधीच ‘वायलिम’ला, म्हणजे य-अक्षाच्या सीमांना, द्यायची.

*

आजचा मुख्य घोळ. ‘आर’सोबत ‘एमटीकार्स’ नावाचा तक्ता येतो, १९७४ सालच्या ‘मोटर ट्रेंड’ या अमेरिकी मासिकातून घेतलेला. गाड्या ३२, त्यांतल्या चार सिलिंडरच्या ११. या अकरांच्या मायलेजचा मध्यक २६.० मैल प्रतिगॅलन. ‘जीजीप्लॉट२’मध्ये बॉक्सप्लॉट काढला. शेजारच्या आलेखाशी उंची जुळावी म्हणून ‘वायलिम’मध्ये १० आणि ३० टाकले. चित्र नीटनेटकं आलं. फक्त पेटीच्या मधली रेघ, म्हणजे मध्यक, आता २२.८वर होती.

झालं असं की ३०च्या वरच्या चार गाड्या – फियाट १२८, होंडा सिव्हिक, टोयोटा कोरोला, लोटस युरोपा – नुसत्या नजरेआड झाल्या नाहीत, हिशेबातूनच गेल्या. उरलेल्या सातांचा मध्यक निघाला. सीमेबाहेरचं मूल्य ‘जीजीप्लॉट२’ आधी ‘नाही’ म्हणून नोंदवतं आणि मग आकडेमोड करतं. चार ओळी काढून टाकल्याची वॉर्निंग खाली येते, लाल अक्षरांत. पण अशा वॉर्निंग आपण बसच्या तिकिटामागच्या मजकुराइतक्याच वाचतो.

हवी होती खिडकी, वापरली चाळणी. खिडकीचं नाव ‘कोऑर्ड-कार्टेशियन’. सीमा तिच्यात दिल्या की मध्यक २६.०वरच राहतो, वरचा भाग फक्त कापलेला दिसतो. गंमत अशी की जुन्या, मूळ ‘आर’च्या ‘बॉक्सप्लॉट’मध्ये ‘वायलिम’ ही खिडकीच आहे. शब्द तोच, काम उलटं. जुन्याकडून नव्याकडे आलेला माणूस इथे हमखास घसरतो, आणि मला त्यात त्याचा दोष दिसत नाही.

‘स्टाटा’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा स्वभाव तिसराच. तिथे ‘वायस्केल’च्या ‘रेंज’ने अक्ष वाढवता येतो, पण विदेच्या आत आणता येत नाही. लहान करायचा तर कोणत्या नोंदी घ्यायच्या ही अट स्वतः लिहावी लागते. आधी कटकट वाटते. पण काय वगळलं ते लिहिणाऱ्याच्या हातून लिहिलं जातं, हे मला आवडतं.

*

स्तंभालेख शून्याशिवाय काढू बघा. मूळ ‘आर’मध्ये ‘बारप्लॉट’ला ५० ते १०० सीमा दिल्या तर स्तंभ चौकटीखाली लोंबतात, थेट नावांवरून. ‘जीजीप्लॉट२’मध्ये ते गायबच होतात, कारण प्रत्येक स्तंभाचा पाय शून्यावर आणि शून्य सीमेबाहेर. दोघांनाही ही मागणी पचत नाही. स्तंभाची लांबी हीच त्याची किंमत. पाय कापून उंची मोजणार कशी?

*

म्हणून शून्य सगळीकडे हवंच, असं म्हणणाऱ्यांना मी ‘सीओ२’ तक्ता दाखवतो. हवाईतल्या मौना लोआचा, १९५९ ते १९९७, महिन्याला एक असे ४६८ आकडे, साधारण ३१३ ते ३६७ भाग प्रतिदशलक्ष. सीमा सोडून दिल्या तर दर वर्षाची खाली-वर जाणारी करवत स्वच्छ दिसते. उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्याची ती खूण. आता ० ते ४०० करा. करवतीचे दात जेमतेम सहा एककांचे, पंधरा सेंटिमीटरच्या चित्रात दोन-सव्वादोन मिलिमीटर. पर्वताची राई. रेषेला शून्याची सक्ती नाही, ती चढ सांगते, लांबी नव्हे.

*

एकाच सातारा जिल्ह्यातलं महाबळेश्वर आणि माण तालुका. पहिल्याकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, दुसरीकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. शेजारी-शेजारी दोन चौकटी काढून ‘फ्री-वाय’ केलं, म्हणजे प्रत्येकीला स्वतःचा य-अक्ष दिला, की दोघांचा पाऊस सारखाच उंच. पर्जन्यछाया पुसून टाकायला एवढा एक शब्द पुरतो. पाऊस कोणत्या महिन्यात येतो एवढंच सांगायचं असेल तर चालेल, पण मग तसं शीर्षकात लिहावं.

*

विहिरीची पातळी जमिनीपासून खाली मोजतात. एका विद्यार्थिनीने आकडे जसेच्या तसे काढले, तर मे महिन्यात रेषा दिमाखात वर. ‘पाणी वाढलं सर?’ चूक तिची नव्हती; दोन मीटरचे नऊ मीटर झाले, आकडा वाढला, रेषा वर गेली. ‘वायलिम’मध्ये ०, १२ ऐवजी १२, ० लिहायला सांगितलं. मोठा आकडा आधी दिला की ‘आर’ कुरकुर न करता अक्ष उलटा करतं. रेषा खाली आली. मग ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, आमच्या विहिरीसाठी १२ पुरणार नाहीत, १८ करते.