गाणारा कुणाकडे पाहतो?

ज्येष्ठातल्या मंगळवारी, म्हणजे इथल्या ‘बडा मंगल’ला, लखनौच्या अलीगंजमध्ये हनुमान मंदिराच्या आसपास भंडाऱ्यांचे मांडव पडतात आणि मांडवातला कर्णा रस्त्याकडे तोंड करून गातो. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवणं हेच त्याचं काम. या वस्तीत राहून ‘कोक स्टुडिओ’ या संगीतमालिकेची गाणी पाहत आलो, तेव्हा त्यांतली उलटी दिशा ठळकपणे जाणवत राहिली. तिथं कुणी रस्त्याकडे तोंड करत नाही. या मालिकेबद्दल बोलताना लोकगीत आणि गिटार यांच्या मिलाफाचं कौतुक होतं. पण तो मिलाफ आपल्या चित्रपटसंगीतानं कधीच पचवला आहे. मला या मालिकेचं मोल दुसरीकडे दिसतं: गाणारे-वाजवणारे एकमेकांकडे पाहून संगीत घडवतात, आणि हे घडवणं घरबसल्या पाहायला मिळतं.

मालिकेचा इतिहासही याच दिशेनं गेला. कल्पना ब्राझीलमधली, 2007 सालची. पाकिस्तानात रोहेल हयातनं 2008 साली ती हाती घेतली, तेव्हा पहिल्या पर्वात समोर प्रेक्षक होते. दुसऱ्या पर्वापासून ते गेले, स्टुडिओ बंद झाला, आणि मालिकेला तिचा चेहरा सापडला. आपल्याकडे जून 2011 मध्ये लेस्ली लुईसच्या संगीतदिग्दर्शनाखाली एमटीव्हीवर ती सुरू झाली. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांशी हे ताडून पाहा. तिथं गाणाऱ्याचे डोळे परीक्षकांवर खिळलेले, आणि साथीदार मागच्या अंधारात. इथं अमित त्रिवेदीच्या ‘चौधरी’त जैसलमेरकडचा मांगणियार गायक मामे खान गातो, तेव्हा साथीदारही तितक्याच उजेडात असतात. 2013 सालच्या ए. आर. रहमानच्या ‘ज़रिया’त नेपाळची बौद्ध भिक्षुणी आनी चोयिंग आणि जॉर्डनची फराह सिराज एकत्र गातात. दोघींची भाषा एक नाही, तरीही एकीनं जागा सोडली की दुसरी ती उचलते.

यावर लखनवी माणूस हमखास आक्षेप घेईल की दाद नाही ती मैफल कसली! ठुमरी, दादरा, गझल ऐकताना ‘वाह’ कुठं म्हणायचं हे जाणणारा श्रोता या शहरानं घडवला, आणि गाणारा त्या ‘वाह’वर पुढची जागा घ्यायचा. आक्षेप वजनदार आहे. पण श्रोत्यांविना गाणं याच शहरात जुनं आहे. इथलं आकाशवाणी केंद्र 1938 चं. लग्नानंतर गाणं सुटलेल्या बेगम अख्तर 1949 मध्ये पुन्हा गायल्या, त्या याच केंद्राच्या स्टुडिओत. तिथं दाद द्यायला रसिकांची बैठक नव्हती, असलीच तर साथीदारांची मान डोलली असेल. ती रेडिओच्या श्रोत्याला दिसली नाही. कॅमेऱ्यानं ती दाखवली, एवढाच फरक, पण तो मोठा आहे. दाद नाहीशी झालेली नाही, ती जाणकाराकडून जाणकाराला मिळू लागली.

दुसरा आक्षेप बनावटपणाचा आहे. अनेक टेक घेतात, नंतर मिक्सिंग होतं, नजरादेखील संकलनाच्या टेबलावर जुळवता येतात. शिवाय सगळं शीतपेयाच्या जाहिरातीसाठी. हे सगळं खरं आहे. मात्र ध्वनिमुद्रणात तडजोड पहिल्या दिवसापासून आहे. 1902 मध्ये गौहर जाननं तबकडीसाठी गायलं, तेव्हा ख्याल-ठुमरीचा पसारा तीनेक मिनिटांत कोंबावा लागला होता, आणि पैसा तेव्हाही कंपनीचाच होता. जाहिरातीचा पैसा आहे म्हणून गाणं खोटं ठरत नाही. मात्र वाद्यमेळाच्या गोंगाटात लोकगायक नुसता शोभेला उरतो, तेव्हा ते गाणं खोटं वाटतं. या मालिकेत अशीही गाणी आहेत, आणि ती लगेच ओळखू येतात: त्यांत कुणीच कुणासाठी थांबत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. मांगणियाराचं गाणं जजमानाच्या, म्हणजे आश्रयदात्याच्या, अंगणातलं, तिथल्या लग्नाचं, जन्माचं. ते पाच-सात मिनिटांत कापून आणलं की मुळं तुटतात. इथं वाळकेश्वरचे विष्णु नारायण भातखंडे आठवतात. घराण्यांच्या कंठात बंद असलेल्या बंदिशी त्यांनी स्वरलिपीत उतरवल्या आणि 1926 मध्ये याच लखनौत मॅरिस कॉलेज उभं राहिलं. आज त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे. स्वरलिपीत गाणं पूर्ण मावत नाही, पण तिनं दार उघडलं. ही मालिकाही तेवढंच करू शकते. तिला लोकसंगीताचं जतन म्हणणं अतिशयोक्ती होईल. जतन जजमानाच्या अंगणात होतं, आणि ते टिकवायला वेगळे कष्ट लागतात.

मराठी माणसाला हे सगळं नवं वाटायला नको. वारकरी भजनात टाळकरी समोरासमोर उभे राहतात, मध्ये मृदंग, आणि चाल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते. बघ्यांसाठी तिथं कुणी गात नाही. जो येतो तो टाळ घेऊन रांगेत उभा राहतो. म्हणून या मालिकेतलं एखादं गाणं लावाल, तेव्हा दोन मिनिटं आवाज बंद ठेवा आणि फक्त नजरा पाहा. त्या एकमेकांना भेटत असतील तर आवाज सुरू करा. नसतील तर पुढचं गाणं लावा.