भुतांच्या सणाचा चिवडा



ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारची वर्दळ सुरू होते. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेली साठी-सत्तरीची जोडपी येतात. सहा महिन्यांची औषधे, त्यांची जेनेरिक नावे लिहिलेली चिठ्ठी, ताजा ईसीजी आणि साखरेचा तीन महिन्यांचा अहवाल असे सारे एका पिशवीत नीट लावून घेतात. यादी पुरी झाली की खुर्चीतून उठता उठता त्यांपैकी कोणीतरी हमखास विचारते, "डॉक्टर, तिथे दिवसभर करायचे काय?"

या प्रश्नावर लिहून देता येईल असे औषध नाही. तरीही हा प्रश्न मी वैद्यकीयच मानते. हातांना काम नसलेला ज्येष्ठ माणूस कमी चालतो, कमी बोलतो, अवेळी झोपतो आणि अवेळी खातो; त्याचा परिणाम रक्तदाबावर आणि साखरेवर दिसायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून आज एका लहानशा, चुलीवर काही न चढवता होणाऱ्या कामाविषयी लिहिते आहे. ते काम त्याच सुमारास, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, तिथल्या घराघरांतून चाललेले असते.

हा सण कोणता?

३१ ऑक्टोबरला अमेरिकेत हॅलोवीन असतो. त्याचे मूळ आयर्लंड व स्कॉटलंडमधील केल्टिक लोकांच्या 'साविन' या सणात आहे. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या त्या संधिकाळी मृतांचे आत्मे घराकडे फिरकतात, अशी त्यांची समजूत होती. पुढे १ नोव्हेंबरच्या ख्रिस्ती सर्वसंतदिनाची पूर्वसंध्या म्हणून तो पाळला जाऊ लागला. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितांबरोबर तो अमेरिकेत रुजला. मायदेशी सलगम कोरून दिवे करणाऱ्या त्या लोकांना तिथे मोठे, कोरायला सोपे लाल भोपळे मिळाले. आज मुले सोंगे घेऊन संध्याकाळी दारोदार खाऊ मागत फिरतात. ज्यांनी आयुष्यभर सर्वपित्री अमावास्येला पान वाढले, त्यांना या सणाची मूळ कल्पना फार परकी वाटू नये. २०२४ साली तर नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले होते.

या दिवसांत तिथे 'स्नॅक मिक्स' करतात. सीरियलचे कुरकुरीत तुकडे, मक्याच्या लाह्या, प्रेट्झेल, दाणे आणि रंगीत गोळ्या एकत्र करून वर वितळलेले चॉकलेट सोडायचे, की झाले. आपल्या डोळ्यांनी पाहिले तर हा चिवड्याचाच दूरचा भाऊबंद आहे. १९५०च्या दशकात अशा मिश्रणाची कृती तिथे लोकप्रिय झाली ती ओव्हनमध्ये भाजण्याची होती. मी सांगते आहे त्या प्रकाराला ओव्हन लागत नाही. परक्या घरातल्या अनोळखी ओव्हनशी झटापट करण्याची ज्यांना धास्ती वाटते, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

साहित्य आणि कृती

तांदळाचे किंवा मक्याचे चौकोनी सीरियल (चेक्स) ३ कप, बिनलोण्याच्या मक्याच्या लाह्या ३ कप, कमी मिठाचे प्रेट्झेल १ कप, सोललेल्या भोपळ्याच्या बिया अर्धा कप, बेदाणे पाव कप आणि गडद चॉकलेट १०० ग्रॅम. मुलांच्या वाट्यासाठी रंगीत चॉकलेट गोळ्या अर्धा कप. शाकाहारी वाचकांनी पाकिटावरील घटक वाचावेत. नारिंगी-पिवळ्या 'कँडी कॉर्न'मध्ये बहुधा, आणि साध्या मार्शमेलोमध्ये नेहमीच, जिलेटिन असते. ते प्राणिज आहे.

सर्व कोरडे जिन्नस एका मोठ्या, पूर्ण कोरड्या परातीत एकत्र करावेत. चॉकलेटचे तुकडे काचेच्या भांड्यात घालून मायक्रोवेव्हमध्ये एका वेळी ३० सेकंदच तापवावेत, बाहेर काढून ढवळावेत, पुन्हा ठेवावेत. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबावे. उरलेले त्याच उष्णतेने विरघळतात. पाण्याचा थेंबही लागू देऊ नये, नाहीतर चॉकलेट घट्ट होऊन त्याचे गोळे होतात. मग ते मिश्रणावर बारीक धारेने सोडून, तळापासून वर असे हलक्या हाताने कालवावे. मेणकागदावर पातळ पसरून सुकू द्यावे आणि चॉकलेट घट्ट झाले की मोडून हवाबंद डब्यात भरावे. लाह्या लवकर मऊ पडतात, तेव्हा तीन-चार दिवसांत संपवावे.

हा खाऊ घरच्यांसाठी आणि ओळखीच्या पाहुण्यांसाठी आहे, हे ध्यानात असू द्या. दारावर येणाऱ्या अनोळखी मुलांना तिथे केवळ बंद पाकिटातलाच खाऊ देतात; घरी केलेला पदार्थ आईवडील टाकून देतात. त्यात आपला अपमान मानू नये.

माझ्या आईची परात

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात मी न्यू जर्सीतील एडिसनला भावाकडे होते. आई त्याच्याकडेच राहते. तेव्हा तिला अठ्ठ्याहत्तरावे वर्ष चालू होते. दीड वर्षापूर्वी तिला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. चालणे सुधारले, वाचा परतली. उजव्या हातात मात्र पूर्वीची पकड आली नाही आणि गिळण्याची क्रियाही पुरती सावरली नाही. पातळ पाणी पिताना ठसका लागे, कोरडे कण घशात अडकत. एकेकाळी दिवाळीला पाच किलो पोह्यांचा चिवडा करणारी ही बाई खिडकीपाशी बसून समोरचा रस्ता पाहत असे. "मला इथे काही काम नाही गं," हे वाक्य ती तक्रारीच्या सुरातही म्हणत नसे. हवापाण्याची वार्ता सांगावी तसे सांगे, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटे.

माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीला मैत्रिणींसाठी स्नॅक मिक्स करायचे होते. वहिनी कामावरून यायची होती. मी परात टेबलावर ठेवली आणि लाकडी मोठा चमचा आईच्या उजव्या हातात दिला. हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टने तिला रोजच्या कामात तोच हात वापरायला सांगितले होते. रबराचा चेंडू दाबण्याचा मात्र तिला मनस्वी कंटाळा होता. चमचा दोनदा सुटला. तिसऱ्यांदा तिने डाव्या हाताचा आधार दिला आणि कालवू लागली. मुलगी वरवर ढवळू लागली तशी म्हणाली, "अगं, तळापासून घे. नाहीतर मीठ सगळं खालीच राहतं."

मला खरी धास्ती पुढच्या क्षणाची होती. यातला एकही घास तिला खाता येणार नव्हता. तिच्या हातून करवून घ्यायचे आणि तिला मात्र द्यायचे नाही, हे क्रूर तर होणार नाही ना? आईने तो प्रश्न स्वतःच सोडवला. पुतणीने चिमूटभर मिश्रण तिच्यापुढे धरले तेव्हा तिने मान हलवली. "तू चाख आणि मला सांग. नैवेद्याचा स्वयंपाक मी जन्मभर न चाखताच केला."

तिच्यासाठी मी वेगळी वाटी केली: डब्यातला शिजवलेला भोपळ्याचा गर, घट्ट दही, थोडी साखर, दालचिनीची पूड. तिच्या स्पीच थेरपिस्टने नेमून दिलेला दाटपणा सांभाळून ते एकजीव, गुठळ्या नसलेले केले होते. ती ताठ बसून, लहान चमच्याने, एकेक घास पूर्ण गिळून खात होती. पुतणीने आपली वाटी घेऊन तिच्या शेजारीच बैठक मारली. दोघींच्या वाट्यांत वेगळे पदार्थ होते, एवढेच.

पुढच्या आठवड्यात आईने वहिनीला विचारले, "दिवाळीचे पोहे कधी आणायचे?"

कोणी काय जपावे

मधुमेह असलेल्यांनी हा खाऊ डब्यातून खाऊ नये. लहान वाटीत काढून घ्यावा. साधारण ३० ग्रॅमच्या वाटीत एका लहान पोळीइतकी कर्बोदके असतात, तेव्हा ती पोळीच्या बदली धरावी, पोळीवर जादा नव्हे. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारे आजोबा नातवंडांबरोबर संध्याकाळी दारोदार फिरतात, चालणे वाढते आणि रात्रीचे जेवण लांबते. अशा वेळी साखर एकाएकी खाली येऊ शकते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा तीन चहाचे चमचे साखरेची पुडी ठेवा. पिशवीभर चॉकलेट जवळ असले तरी त्यावर विसंबू नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

उच्च रक्तदाब व हृदयविकार असलेल्यांनी प्रेट्झेलचे मीठ ध्यानात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, मीठ सुचवते. त्यात भाजी-आमटीचे मीठही आले. मूत्रपिंडाचा आजार असल्यास बेदाणे, बिया आणि चॉकलेट यांतील पोटॅशियमविषयी आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

एका पदार्थाबद्दल मुद्दाम सांगते. तिथे काळ्या रंगाचे 'लिकरिश' मिळते. खऱ्या काळ्या लिकरिशमध्ये आपल्या ज्येष्ठमधाचा अर्क असतो. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साचते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीने रोज २ औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, असे दोन आठवडे खाल्ले तर हृदयाची लय बिघडू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेला आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये. ज्येष्ठमध घरगुती म्हणून निर्धोक, या समजुतीलाही तोच न्याय लावावा.

दातांच्या कवळीत लाह्यांची टरफले अडकतात व हिरडी सोलते. अशांनी लाह्या वगळून सीरियल वाढवावे. चार वर्षांखालील मुलांना लाह्या, अख्खे दाणे, कडक गोळ्या मुळीच देऊ नयेत, कारण त्या श्वासनलिकेत अडकू शकतात. घास अडकून माणसाला खोकता-बोलता येईनासे झाले, तर पाठीवर जोराचे थोपटे आणि पोटावर दाब देण्याची प्रथमोपचार पद्धत तत्काळ वापरावी व ९११ला फोन करावा. ही पद्धत वाचून येत नाही. निघण्यापूर्वी कोणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या.

वरच्या कृतीत शेंगदाणे, बदाम मी ठेवलेले नाहीत. दाण्यांची ॲलर्जी तिथल्या मुलांत बरीच आढळते आणि अनेक शाळांत असा खाऊ चालत नाही. चॉकलेटच्या पाकिटावरही दाण्यांचा अंश असल्याची सूचना पाहावी. काही घरांबाहेर निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा दिसेल. २०१४पासून देशभर पसरलेली ती खूण आहे. ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी इथे खाऊऐवजी खेळणी-पेन्सिली मिळतील, असा तिचा अर्थ. घरात कुत्रा असेल तर चॉकलेट आणि बेदाणे त्याच्यासाठी विषारी आहेत, तेव्हा परात त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावी.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला अशा कामात घेताना एका वेळी एकच पायरी सांगा: आधी हे ओता, मग ढवळा. "हे काय आहे, ओळख बघू" अशी परीक्षा घेऊ नका. सांडले तर सांडू द्या. हॅलोवीनच्या संध्याकाळी मुखवटे आणि वारंवार वाजणारी घंटा यांनी अशी माणसे बिथरतात. त्या दिवशी बंद पाकिटांची टोपली दाराबाहेर ठेवावी, घंटा बंद करावी, आतल्या खोलीत दिवे लावून कोणीतरी त्यांच्यापाशी बसावे.

आणि पथ्य असलेल्या माणसाला स्वयंपाकघरातून बाहेर काढू नका. त्याला जे खाता येत नाही ते त्याने करू नये, असा नियम कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात नाही. विचारून पाहा; नको म्हणाले तर तोही मान राखा. हो म्हणाले, तर त्यांची वेगळी वाटी आधी तयार करून ठेवा, म्हणजे सर्वांबरोबर त्यांचाही हात भरलेला राहील.

यंदा ज्यांची तिकिटे निघाली आहेत, त्यांनी औषधांच्या पिशवीत या कृतीचे पान घालून न्यावे. ज्यांना कुठेच जायचे नाही, त्यांच्या घरीही दिवाळीचा चिवडा व्हायचाच आहे. परात खाली ठेवण्याऐवजी टेबलावर ठेवा आणि घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीसाठी खुर्ची ओढा.