हसवणे आणि हसे

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला एक खोड लागते. तो शब्दांना सुखाने बसू देत नाही. साधे 'हसणे' हे क्रियापद घ्या. त्याची संतती केवढी! ओठांवर हसू येते, सभेत हशा पिकतो, हसवणारा गडी चारचौघांत लाडका होतो. सारे कुटुंब कसे गुण्यागोविंदाने नांदणारे. पण त्याच कुळात 'हसे' नावाचा एक कुलांगार निपजला आहे. एखाद्याचे 'हसे झाले' म्हटले की तो माणूस कामातून गेला. हसवणे आणि हसे होणे यांत व्याकरणाच्या दृष्टीने अंतर थोडे, पण आयुष्याच्या दृष्टीने फार. काही माणसांना ते अंतर रोज पायी तुडवावे लागते. त्यांतल्या एकाविषयी आज लिहितो.

तो माझा विद्यार्थी. वय आता 29. त्याचे नाव सांगत नाही. त्याची स्वतःची हरकत नाही. पण नाव एकट्याचे असले तरी आडनाव साऱ्या घराचे असते.

आम्ही बुलढाणेकर आमच्या जिल्ह्याचे दोन भाग मानतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. माझे कॉलेज घाटाखाली. दिवाळी आली की रस्त्यावर कापसाच्या गाड्या आणि सरकी-धुळीचा वास. त्याचे गाव कॉलेजपासून दहा-बारा किलोमीटरवर. वडील लवकर गेले, आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाई, धाकटी एक बहीण. बी. ए.ला त्याने मराठी घेतले. मी विचारले, "मराठीच का रे?" तो म्हणाला, "सर, वेळ उरतो." इतके प्रामाणिक उत्तर मला त्याच्या आधी कोणी दिले नव्हते. उरलेल्या वेळात तो नाचत असे.

स्नेहसंमेलनात एखाद्या मुलाने लुगडे नेसून लावणी करायची, ही आमच्याकडील जुनी चाल आहे. बहुतेक मुले ती टिंगलीखातर करतात. टोप तिरका, चाल वाकडी, की झाले. ह्याने नऊवारी नेसली ती खरोखरीची, काष्टा नीट घालून. पहिली दोन मिनिटे शिट्ट्या झाल्या, मग सभागृह गप्प झाले आणि शेवटी 'वन्स मोअर'चा गजर. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी त्यातल्याच काहीजणांनी त्याला पाहून टाळी वाजवली. ती कोणती टाळी, हे वाचकांना सांगायला नको. हात तेच होते. रात्री त्या हातांनी दाद दिली आणि सकाळी शिवी.

हे काही आमच्या गावचेच वैशिष्ट्य नव्हे. मराठी माणसाने बालगंधर्वांना डोक्यावर घेतले. ते जसे नेसत तसे नेसण्याची हौस चांगल्या घरच्या बायकांना होती. आणि त्याच मराठी माणसाने तमाशातल्या नाच्याला पायरीवर ठेवले. नाटक संगीत आणि प्रेक्षक खुर्चीवर असला की स्त्रीभूमिका ही कला; वगात आणि सतरंजीवर आली की ती थट्टा. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्याच्या भूमिका अशा काही वठवल्या की त्यांचे 'आत्ता गं बया' अजून लोकांच्या तोंडी आहे. गृहस्थ संसारी, मुलाबाळांचे. पण पडद्यावरचा मुरका त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत आला, घरापर्यंत आला, आणि त्याची झळ मुलांनाही लागली. 2008 साली ते गेले. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीवरून 2010 साली चित्रपट निघाला, तेव्हा प्रेक्षक नाच्यासाठी रडले. नाच्यासाठी रडायला आपल्याला अंधार लागतो, असे त्या वेळी मला वाटले होते.

माझा विद्यार्थी पदवी घेऊन पुण्याला गेला. आधी मोबाइलच्या दुकानात लागला, मग लावणीच्या एका संचात. मुंबई-पुण्याकडे निव्वळ पुरुषांनी लावणी करण्याचे असे संच आहेत. दोन-तीन वर्षांनी दिवाळीत तो घरी आला तसा मला भेटायला आला. चहा झाला. सौभाग्यवती आत गेल्या. मग कपबशी खाली ठेवून, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसे त्याने सांगितले, "सर, मी समलिंगी आहे. आईला सांगितलं. तुम्हालाही सांगावं म्हटलं."

मी म्हटले, "बरं केलंस. लावणीमुळे लोकांना तसं वाटतच असेल."

तो हसला. "तीच तर गंमत आहे, सर. आमच्या संचात आम्ही नऊ जण. त्यातले पाच बायकापोरांचे. लावणी हे काम आहे. ती कोणालाही करता येते, अंगात असली की झालं. मला पुरुष आवडतात, ही माझ्या मनाची गोष्ट झाली. आणि जी माणसं स्वतःला बाईच मानतात, ती तिसरी गोष्ट. मी रंग उतरवला की पुरुषच असतो आणि मला पुरुषच राहायचंय. लोक या तिन्ही गोष्टींचं एकच गाठोडं बांधतात आणि दिसेल त्याच्या डोक्यावर देतात."

व्याकरणात आपण लिंग, वचन, विभक्ती वेगवेगळी शिकवतो. माणसाच्या बाबतीत मात्र सगळे एका ओळीत उरकायची आपल्याला घाई असते. त्याने केलेली ही फोड मी अजून विसरलेलो नाही. पुढे त्याच्याच सांगण्यावरून मी बिंदुमाधव खिरे यांचे 'पार्टनर' हे पुस्तक शोधू लागलो. खिरे यांनी 2002 साली पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' ही संस्था काढली आणि या विषयावर मराठीत सातत्याने लिहिले. आमच्या ग्रंथपालांनी तत्परतेने 'पार्टनर' आणून दिले. ते व. पु. काळ्यांचे निघाले! तेही मी पुन्हा वाचले. पण हवे ते पुस्तक पुण्याहून टपालाने मागवावे लागले.

त्या संध्याकाळी तो कामाविषयी पुष्कळ बोलला. सकाळी दोन तास रियाज. पायांत काही किलोंचे चाळ; ते बांधून नाचले की पोटऱ्या दगडासारख्या होतात. कार्यक्रम रात्री दहाचा असला तरी तो सातला जाऊन बसतो, कारण नऊवारी घाईने नेसली की ती घाई दिसते. रंग उतरवायला पाऊण तास. आरशात शेवटी आपला चेहरा दिसू लागतो तो क्षण पूर्वी त्याला नकोसा वाटे. आता, म्हणाला, तो रोजचा शेवटचा पाहुणा आहे, त्याला नीट पाहून मग दिवा मालवतो.

एका सूत्रधाराने त्याला जादा पैसे देऊ केले होते. लावणी झाली की गर्दीत उतरायचे, बायकी आवाज काढून पुरुषांच्या मांडीवर बसायचे, हशा हमखास. ह्याने नकार दिला. "हसवायला माझी ना नाही, सर. मी बतावणीही करतो. पण मी जे आहे, तेच विनोद म्हणून विकायचं? माझ्यासारखा एखादा पोरगा त्या गर्दीत मागे उभा असेल. तो काय घेऊन घरी जाईल?"

त्या नकारात जुन्या शाहिराचा कणखरपणा होता.

कायद्याने या मुलांना बराच काळ गुन्हेगार धरले. 1860 सालच्या दंड संहितेतले 377 वे कलम, दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरते, सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले ते 6 सप्टेंबर 2018 रोजी. त्या खटल्याला ज्यांचे नाव आहे ते नवतेजसिंग जोहर हे भरतनाट्यमचे नर्तक, कलाक्षेत्रात शिकलेले. दीड शतकाच्या कायद्यापुढे आपले नाव घेऊन उभा राहिला तो एक नाचणारा माणूस, याचे माझ्या विद्यार्थ्याला फार अप्रूप. विवाहाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने मिळाला नाही. "मला बोहल्यावर चढायची हौस नाही," तो म्हणतो, "पण दवाखान्याच्या कागदावर 'नातेवाईक' म्हणून एकाचं नाव लिहायची आहे."

घरच्यांचे काय, हा प्रश्न आपल्यासारख्या संसारी माणसांना आधी पडतो. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठींचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे आत्मकथन 2012 साली आले. त्यांची वाट वेगळी, तृतीयपंथीयाची. पण त्याही नृत्यातूनच वर आल्या. त्या कथनात मला त्यांचे वडील मोठे वाटतात. मूल माझे, जबाबदारी माझी, मी ते घराबाहेर का काढू, असा त्यांचा सरळ हिशेब. माझ्या विद्यार्थ्याच्या आईने हे पुस्तक वाचलेले नाही. तिला वाचताच येत नाही. पण मी तिला एकदा लोकांच्या बोलण्याबद्दल विचारले तेव्हा ती भाकरीचे पीठ मळता मळता म्हणाली, "हासू द्या, सर. फुकट हासनाऱ्याचं काय मनावर घ्यायचं? पैसे देऊन हासनारे बी हायेत ना!"

गेल्या वर्षी बहिणीचे लग्न ठरवायचे निघाले. कॉलेजातले मास्तर म्हणून मला मध्यस्थ केले. भावकीने सल्ला दिला, "भाऊ पुण्यात कंपनीत आहे म्हणा." तो मला म्हणाला, "सर, गणपत पाटलांना लोकांना सांगावं लागलं, की मी तसा नाही. मी तर आहे. मग मी कशाला दुसरं सांगू? आज लपवलं तर उद्या बहिणीला तिथे बसून माझ्यासाठी खोटं बोलावं लागेल."

पहिले स्थळ आले. पोहे झाले, चहा झाला. मुलीचा भाऊ काय करतो, या प्रश्नाला मी खरे उत्तर दिले. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. त्या रात्री तो ओट्यावर बराच वेळ एकटा बसला होता. बहिणीनेच येऊन त्याला जेवायला उठवले.

दुसरे स्थळ घाटावरचे, चिखलीकडचे. मुलगा एस. टी.त मेकॅनिक. ह्याने त्याला बाजूला नेले आणि लावणीचेही सांगितले, स्वतःचेही सांगितले. तो मुलगा थोडा वेळ चपलेने माती उकरत राहिला. मग त्याने विचारले, "घरी मी सांगू, की तुम्ही सांगता?" लावणीचे तरी त्याने घरी सांगितले असावे, कारण पुढच्या खेपेला त्याची आजी आली ती मोबाइलवर नाच पाहायचाच म्हणून. दोनदा पाहिला. जत्रेत तमाशा पाहिलेली बाई, तिने शांतपणे शेरा दिला, "पदर ढळू देत नाही पोरगं."

लग्न लागले. वरातीत वाजंत्री रंगात आली तशी चार पोरांनी ह्याला गराडा घातला. नाच, नाच, असा धोशा लावला. मांडवाच्या कडेला एक शिट्टीही वाजली, ओळखीची. तो म्हणाला, "आज मी मुलीचा भाऊ आहे. नाच पाहायचा तर तिकीट काढून पुण्याला या." आणि बुंदीची परात उचलून तो पंगतीत शिरला. आग्रह करकरून त्याने वाढले. शिट्टी वाजवणाऱ्याच्या पानातही दोन मुठी जास्तच पडल्या.