चोर सोडून संन्याशाला

समुद्रापासून रस्त्याने तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या बजाजनगरात कोणी आपल्या घरी समुद्र पाळतो, असे सांगितले तर ऐकणाऱ्यास ती थट्टाच वाटेल. परंतु गेली चार वर्षे आमच्या बैठकीच्या खोलीत दीडशे लिटरांचा एक समुद्र नांदत आहे. या समुद्राने आम्हांस गतवर्षी जो धडा शिकविला, तो आम्ही वर्गात एकदा सांगितलाच आहे. तरी पालकांच्याही कानी तो जावा, या हेतूने येथे लिहीत आहो.

हा छंद जडला तो मालवणास. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात पोवळ्यांची वस्ती असून, १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. शाळेच्या सहलीबरोबर गेलो असता आम्ही होडीतून उतरून पाण्यात डोके घातले, आणि इतकी वर्षे पुस्तकातून शिकविलेली गोष्ट प्रथमच डोळ्यांनी पाहिली. पोवळे म्हणजे रत्न, एवढेच पुष्कळांस ठाऊक असते. वास्तविक ती सजीव प्राण्यांची वसाहत होय. प्रत्येक प्राणी इवलासा. मध्ये मुख आणि भोवती स्पर्शिकांचे वलय. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि घरभाडे म्हणून त्यातील मोठा वाटा घरमालकास देते.

ज्यांच्या सांगाड्यांनी प्रवाळभिंती बनतात त्या दगडी प्रवाळांस आपल्या देशात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीस, स्थान आहे. ते समुद्रातून उचलून आणणे हा गुन्हा आहे. आमच्या काचपेटीत आहेत ते त्यांचे चुलतभाऊ, ज्यांस शौकीन लोक बटण-प्रवाळ म्हणतात. शर्टाच्या गुंडीएवढी हिरवी, केशरी, जांभळी तोंडे एका दगडावर दाटीने उमललेली असतात. त्यांची बडदास्त मात्र मोठी. शुद्ध केलेल्या दर लिटर पाण्यास सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ, म्हणजे दीडशे लिटरांस सव्वापाच किलो. आणि बाहेर वैशाखात पारा चाळिशीवर गेला तरी आत पाणी २६ अंशांच्या आसपास.

या कामी आमच्या वर्गातील एक मुलगा दर शनिवारी आम्हांस साहाय्य करी. त्याचे वडील वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जातात. मुलगा अबोल, परंतु नजर तीक्ष्ण. पाण्याची खारटी मोजावी, काचेवरील शेवाळ खरवडावे, वहीत आकडे मांडावे, हे सर्व तो न सांगता करी.

दिवाळीच्या सुटीत आम्ही एका विक्रेत्याकडून बटण-प्रवाळांचा एक नवा दगड आणला आणि आनंदाच्या भरात तो तसाच पेटीत सोडला. नाताळच्या सुमारास एका कोपऱ्यातील तोंडे मिटू लागली. आज पाच, उद्या दहा. मिटलेली पुन्हा उमलेनात. काही तर नाहीशीच झाली. एका शनिवारी आम्हांस पाण्यावर तेलकट तवंग दिसला आणि त्याच वेळी त्या मुलाच्या डोक्यास चोपडलेले खोबरेल तेलही दिसले. झाले! आमचा निकाल तयार झाला. सोमवारी भर वर्गात आम्ही बोलून गेलो, "निष्काळजी हातांत जीव सोपविला की असे होते. यापुढे तू पेटीस हात लावू नकोस." तो एवढेच म्हणाला, "सर, मी हात धुऊनच घालत होतो." आम्ही ते ऐकून घेतले नाही.

मुलाचे येणे बंद झाले. प्रवाळांचे मरणे मात्र थांबले नाही. विज्ञान शिकविणाऱ्या मनुष्यास एवढा पुरावा पुरेसा व्हावयास हवा होता. कारण काढून टाकले असता कार्य थांबत नाही, तर ते कारणच नव्हे, हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. परंतु आपला निकाल मागे घेण्यापेक्षा नवा आरोपी शोधणे मनुष्यास सोपे जाते. मेलेल्या प्रवाळांपाशी आम्हांस बोटाएवढे केसाळ किडे आढळले. आम्ही चिमट्याने ते सात-आठ ओढून काढले व मारले. मागाहून वाचनात आले की हे किडे बहुतेक निरुपद्रवी. मेलेले मांस व उरलेले अन्न खाऊन ते पेटी स्वच्छ राखतात. घरात मयत झाली म्हणून झाडूवाल्यास पकडावे, तसा आमचा न्याय! तवंगही तेलाचा नव्हता. माशांच्या अन्नातील प्रथिनांचा असा पातळ पडदा साचलेल्या पाण्यावर धरतोच.

जानेवारीअखेर एके रात्री अकराच्या सुमारास वीज गेली. हवेचा पंप बंद पडला म्हणून आम्ही विजेरी घेऊन पेटीजवळ गेलो. प्रकाश दगडावर पडताच एक 'बटण' चालू लागलेले दिसले! निरखून पाहता ती नखाएवढी, बिनशिंपल्याची समुद्री गोगलगाय होती. पाठीवर पिसाऱ्यासारख्या झालरी, आणि त्यांस रंग हुबेहूब प्रवाळाचा. ही गोगलगाय बटण-प्रवाळच खाते आणि खाल्लेल्या प्रवाळाचाच रंग तिच्या अंगी उतरतो. म्हणून दिवसा ती डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. चोर असा घरच्याच माणसांचे वस्त्र पांघरून बसला होता. आणि त्यास घरात आणणारे आम्हीच!

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. वडील नुकतेच पाळीवरून आले होते. त्यांच्यासमोर आम्ही म्हणालो, "चूक आमची होती. तुमच्या मुलाचा काही दोष नाही." वडील संकोचून म्हणाले, "सर, मास्तरांनी असं म्हणायचं नसतं." आम्ही म्हणालो, "आरोप वर्गात केला, तेव्हा क्षमाही वर्गातच मागू." आणि तसे केले. मुलगा मान खाली घालून बसला होता. तास संपल्यावर जवळ येऊन त्याने एकच प्रश्न केला, "सर, तिची अंडी कुठं असतात?"

त्या प्रश्नातच पुढील सर्व उपाय होता. प्रवाळ औषधात बुडविले की गोगलगायी गळून पडतात, परंतु अंड्यांस औषध बाधत नाही. म्हणून आम्ही दोघांनी बटण-प्रवाळांचे सर्व दगड निराळ्या पेटीत हलविले. मोठ्या पेटीत खाद्यच न उरल्याने तेथे राहिलेल्या गोगलगायी उपाशी मरणार होत्या. दर पाच-सहा दिवसांनी आयोडीनयुक्त औषध समुद्रपाण्यात बाटलीवरील प्रमाणाने मिसळून त्यात दगड बुडवावे, रबरी फुग्याच्या पिचकारीने खालच्या फटी झोडपाव्या आणि देठांना चिकटलेली अंड्यांची पांढरी वेटोळी भिंगाखाली शोधून मऊ कुंचल्याने खरवडावी, असा क्रम पाच आठवडे चालला. अंडी प्रत्येक वेळी त्या मुलासच प्रथम दिसत.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. कंटाळून आम्ही एकदा म्हणालो, "हा दगड उकळूनच टाकू." सुदैवाने आधी वाचून पाहिले. बटण-प्रवाळांच्या काही जातींत अत्यंत जहाल विष असते. असे दगड उकळल्याने त्या वाफेने घरातील माणसे रुग्णालयात गेल्याची उदाहरणे परदेशांत घडली आहेत. तेव्हा उकळणे कदापि नको, आणि हाताळताना हातमोजे व चष्मा अवश्य हवा.

ईस्टरच्या आठवड्यात प्रवाळ पूर्ववत उमलले. आता कोणताही नवा दगड सहा आठवडे वेगळ्या पेटीत राहून मगच आत जातो. वहीत तसा नियम त्या मुलानेच लिहिला आहे.

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, हे प्रभूचे वचन आम्ही बालपणापासून पाठ म्हणत आलो. ईयोबाच्या ग्रंथात ज्ञानाचे मोल सांगताना पोवळेही त्यापुढे फिके ठरविले आहे. तेही वाचले होते. दोन्हींचा अर्थ कळावयास मात्र एक नखाएवढी गोगलगाय आणि एका मुलाचे तीन आठवड्यांचे मौन खर्ची पडले. विद्यार्थीमित्रहो, प्रवाळ पुन्हा वाढतात. मुलाच्या मनावर घातलेला घाव तसाच भरून येतो की नाही, हे शिक्षकास व पालकास कधीच खात्रीने कळत नाही. म्हणून बोट दाखविण्यापूर्वी एकदा दिवा घेऊन रात्री पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.