फोटो काढणाऱ्याचा फोटो

मामंजी २०१४ साली गेले. गंधमुक्तीच्या दिवशी पाटावर ठेवायला त्यांचा एखादा बरासा फोटो हवा होता. सासूबाई म्हणाल्या, "कपाटात पाह्य, ढीगभर अल्बम हायेत."

होतेच ढीगभर. मामंजींना फोटोचा भारी नाद. त्यांच्याजवळ आगफा क्लिक थ्री होता. बडोद्याला बनायचा तो. एका रोलमध्ये चौकोनी फोटो बाराच, आणि कॅमेऱ्यावर निवड काय ती ऊन की ढग एवढीच. त्या बारा-बारा फोटोंतून त्यांनी अख्खं घर टिपून ठेवलं होतं. तुळशीपाशी नऊवारीतल्या सासूबाई, चड्डीवर पट्टा लावलेले आमचे 'हे', दोन वेण्यांतल्या नणंदा, पोळ्याला सजवलेले बैल, कोथळीहून निघालेली मुक्ताईची पालखी. सगळे होते. मामंजी मात्र कुठेच नव्हते!

असणार कसे? कॅमेरा त्यांच्या हातात. सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढायचा, असा त्या वेळचा नियम. त्यामुळे दोन-तीन फोटोंत समोरच्या जमिनीवर एक लांबलचक सावली तेवढी सापडली. एक टोपी आणि बाहेर आलेली दोन कोपरं. तेच आमचे मामंजी.

शेवटी मतदार ओळखपत्रावरचा चेहरा मोठा करून आणला. स्टुडिओवाल्याने हौसेने त्यांना कोट-टाय चढवला. जन्मात कधी कोट न घातलेला तो माणूस आजही आमच्या बैठकीत कोट घालून बसला आहे.

मैत्रिणींनो, एवढं झाल्यावर आम्ही शहाणं व्हायला हवं होतं. पण नाही झालो.

वडिलांचा नाद मुलात उतरला. नोकरीत पहिली पगारवाढ मिळाल्यावर ह्यांनी निकॉनचा डी-९० घेतला होता. मी लग्न होऊन मुक्ताईनगरला आले ती या सवतीच्या घरातच! हिवाळ्यातला रविवार उजाडला की हे मित्रांबरोबर हतनूर धरणाच्या पाण्यावर हजर. तिथे चक्रवाक उतरतात, आणखी कितीतरी पाहुणे पक्षी येतात. घरात बारसं असो की वाढदिवस, फोटो हेच काढणार. मी एकदा हात पुढे केला, तर म्हणाले, "जड आहे, पडेल." मोबाइल आल्यावर तरी सुटका होईल असं वाटलं, पण तिथेही "तुला अँगल कळत नाही" हे ठरलेलं.

मग दोन वर्षांपूर्वी ह्यांची मान धरली. गळ्यात ओझं अडकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. कॅमेरा कपाटात गेला. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरू नये म्हणून मी तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवला. (ज्यांच्या घरी कॅमेरा पडून असेल त्यांनी हे जरूर करावं. पुड्यांनी रंग बदलला की नव्या घालाव्यात.) रविवारी हे नुसते वर्तमानपत्र उलटसुलट करत बसू लागले. बाईमाणसाला घरातलं असलं गप्प बसणं लगेच कळतं.

त्याच सुमारास सहावीतल्या लेकीला शाळेतून 'माझे कुटुंब' हा तक्ता करायचा होता. तिने लॅपटॉपवरचे दहा वर्षांचे फोटो पालथे घातले आणि विचारलं, "आई, यात पप्पा कुठे आहेत?"

माझ्या पोटात धस्स झालं. तीच ती सावली!

मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. त्या पैशातून भरलेली भिशी नुकतीच मला लागली होती. मनात पाटल्या करायच्या होत्या. ह्यांचे मित्र एव्हाना एकेक करून 'मिररलेस'कडे वळले होते. मी म्हटलं, "आपणही घेऊ." हे नको नको म्हणाले. हौसेपायी बायकोच्या पाटल्या मोडायच्या का, म्हणाले. पाटल्या अजून झाल्याच नव्हत्या म्हणा! दोन महिने वाद झाला. शेवटी मी अट घातली: कॅमेरा दोघांचा. निम्मे फोटो मी काढणार.

मिररलेस म्हणजे काय, हे मीही तेव्हाच शिकले. जुन्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक तिरपा आरसा असतो. भिंगातून आलेलं चित्र तो वर फेकतो आणि वरच्या लोलकातून ते आपल्या डोळ्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा टुणकन वर उचलतो, उजेड आत जातो, आरसा पुन्हा खाली येतो. तो 'खटॅक' आवाज बराचसा आरशाचाच. नव्यात आरसा आणि लोलक दोन्ही काढून टाकले. उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि तिथलं चित्र डोळ्याजवळच्या चिमुकल्या पडद्यावर दिसतं. फोटो काळपट येणार की पांढराफटक, ते बटण दाबण्याआधीच कळतं. पानात वाढण्याआधी भाजीची चव घेऊन बघावी तसं. गंमत म्हणजे आमचा डी-९० बाजारात आला २००८ मध्ये, आणि पॅनासॉनिकचा जी-१, म्हणजे या बिनआरशाच्या घराण्याचा मूळपुरुष, तोही त्याच वर्षीचा.

आम्ही निकॉनचा झेड-५० घेतला. घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते दोन्ही कॅमेरे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचं. जुना त्याच्या नेहमीच्या भिंगासकट अकराशे ग्रॅमच्या वर. नवा सहाशेच्याही आत. माझ्या शाळेच्या पर्समध्ये डब्याशेजारी बसतो!

सगळंच गोडगोड आहे असं मात्र नाही. पडदा सतत चालू म्हणून बॅटरी भराभर उतरते. जुना एका चार्जिंगवर आठशेच्या वर फोटो काढी, हा तीनशेच्या आसपास थकतो. दुसरी बॅटरी घ्यावीच लागते. जुनी भिंगं अडॅप्टर लावून बसतात, पण ह्यांचं लाडकं पन्नास मिलिमीटरचं भिंग त्यावर आपोआप फोकस होत नाही, कडं हातानेच फिरवावं लागतं. अगदी बिनआवाजी फोटो काढता येतो, त्यामुळे कीर्तनात कुणी मान वळवून बघत नाही. पण मांडवातल्या काही एलईडी दिव्यांखाली त्यात आडवे पट्टे उमटतात. हे सगळं मी फोटो बिघडवून शिकले.

कॅमेऱ्याचं ओझं उतरत जाण्याची ही गोष्ट आमच्या भागाला नवी नाही. अजिंठ्याच्या लेण्यांचे फोटो काढणाऱ्या मेजर रॉबर्ट गिलसाहेबांची कबर इथून जवळच, भुसावळला आहे. १८७९ साली ते गेले. त्यांच्या वेळी फोटो म्हणजे काचा आणि रसायनं यांचा संसार. तो घेऊन लेण्यांत जायचं! कुठे ते, कुठे माझी पर्स.

पण कॅमेरा हलका झाला म्हणून नजर येत नाही, हे मला चाळीसगावला कळलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही केकी मूस यांचं घर पाहायला गेलो. १९१२ मध्ये जन्मलेला आणि १९८९ मध्ये गेलेला हा कलावंत. इंग्लंडात शिकून आला आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर क्वचितच पडला. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून तो त्यांतून देखावे उभे करी आणि त्यांचे फोटो काढी. आमचे हे ते फोटो बघत गप्प उभे राहिले. मी मनात म्हटलं, चार भिंतींत दिवस जाणाऱ्या आम्हा बायकांना हे आधी कुणी का नाही सांगितलं?

तेव्हापासून स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी हा माझा स्टुडिओ. सकाळी दिवा बंद करायचा, माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवायचं, सावलीच्या बाजूला पांढरा टॉवेल धरायचा. चेहरा कसा उजळतो बघा! सासूबाई आधी कॅमेरा दिसला की लाकडासारख्या ताठ व्हायच्या. "माह्या तोंडाले काय सोनं लागलं हाये?" म्हणून पदर ओढायच्या. आता मी कधी फोटो काढते, त्यांना कळतही नाही. लसूण सोलता सोलता हसल्या, तो फोटो त्यांनी स्वतःहून मागून घेतला.

आणि 'हे'? भरताची वांगी भाजताना धुराने डोळे पुसणारे हे. लेकीच्या सायकलमागे धावणारे हे. सुरुवातीला फार अवघडले. आयुष्यभर मागे उभं राहिलेल्या माणसाला पुढे यायला वेळ लागतो.

जुना डी-९० बदलीत देऊन टाकणार होतो. दुकानदाराने सांगितलेल्या रकमेत एक बरी साडीही आली नसती. घरी परत आणला. आता शनिवारी तो माझ्याबरोबर शाळेत येतो. आठवीच्या मुली पाळीपाळीने तो टेबलावर ठेवून वापरतात. आरशाचा 'खटॅक' आवाज झाला की वर्गात हशा पिकतो. "जड आहे, पडेल" असं मी कुणालाच म्हणत नाही.

गेल्या महिन्यात चांगदेवला गेलो होतो. तापी-पूर्णेचा संगम, कलतं ऊन, हे पाण्याकडे बघत उभे. मी सूर्य पाठीशी घेतला आणि फोटो काढला. घरी येऊन पाहिलं तर ह्यांच्या पायाशी एक लांब सावली पडलेली. खांद्यावरून उडणारा पदर आणि बाहेर आलेली दोन कोपरं.

लेक म्हणाली, "कापून टाकू का खालचा भाग?" म्हटलं, राहू दे. मग तिच्याच हातात कॅमेरा दिला आणि ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

तुम्हीही आज दुपारी घरचे अल्बम काढा. त्यात कोण नाही, ते तेवढं बघा.